आलं ते सांगा

आमचे राठोड सर वर्गाच्या दारात उभे राहून परीक्षा घेतात. पोरांची नव्हे, आमची! तास संपवून, खडूचे हात झटकत बाहेर यावं, तर हे दारात हजर.

"काय आलं पोरायला?"

"सर, आज मागणीचा नियम शिकवला."

"शिकवलं ते सांगू नका. आलं ते सांगा."

मी वसमतच्या एका कॉलेजात तासिकेवर लागलो, तेव्हा नव्या प्राध्यापकांना तयार करायचं काम सरांकडं होतं. प्रत्येक तासाआधी त्यांना चिठ्ठी द्यायची, की तास संपल्यावर पोरगं काय करून दाखवील. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना अर्थशास्त्राचे महत्त्व समजेल.' सरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "समजलं हे तुमाला दिसंल कसं? कपाळावर उगवतंय का?" चिठ्ठी परत. चार वेळा परत. पीएच.डी.च्या गाईडनंही एवढा छळ केला नव्हता.

वर तास संपला की सर शेवटच्या बाकावरच्या कुणाला तरी उठवून विचारणार. एकदा मी शहाणपणा केला. त्या बाकावरच्या चौघांकडून उत्तर आदल्या दिवशीच घोकून घेतलं. सर आत आले, चौघांचे उतावीळ चेहरे पाहिले आणि खिडकीजवळच्या पोरीला विचारलं, "बाई, हळद स्वस्त झाली तर गिऱ्हाईक काय करंल, न् काहून?" पोरगी माझ्याकडं पाहायला लागली, मी फळ्याकडं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "कोऱ्या पेपराला मार्क देऊन पोरगं हुशार व्हत न्हाई, सर. आपुनच आपल्याला फसवतो."

सरांनी कधी कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. सख्ख्या पुतण्याला नापास केलं. भावानं तेव्हापासून तांड्यावरच्या एकाही लग्नाचं आवतण दिलेलं नाही.

पण पाच वाजले की हा माणूस कुणाशी न बोलता थेट घरी. वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना, लकवा मारला आणि वाचा गेली. रोज सराव घेतला तर बोलतीलही, असं डॉक्टर म्हणाले होते. सर त्या एका शब्दावर जगत होते. कुणी विचारलंच तर, "चालू हाय सिलॅबस," एवढंच.

परवा एका कागदावर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. शेवंताबाई खाटेवर, उशीला टेकून बसलेल्या. समोरच्या भिंतीवर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'दिवस मावळायच्या आत शेवंता "पाणी" म्हणील.' खाली तारखा, आणि एकेका तारखेपुढं बरोबरची खूण. मला केवढा आनंद झाला!

"सर, बोलायला लागल्या?"

सर गिलास घेऊन खाटेशी बसले. "शेवंता, काय पायजे? म्हण. पा... पा..."

बाई नुसत्या त्यांच्याकडं पाहत राहिल्या. ओठ जागचे हलले नाहीत. सरांनी आणखी दोनदा "पा..." म्हणून दाखवलं. मग गिलास त्यांच्या तोंडाला लावला, पदरानं हनुवटी पुसली, उठले आणि आजच्या तारखेपुढं खूण केली.



भिंतीकडं तोंड करूनच सर म्हणाले, "आज ओठ हालले बगा थोडेसे. तुमी पाहिलं ना, सर?"

"व्हय सर," मी म्हणालो. "हालले. मी पाहिलं."

सरांनी पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला नाही.