चाकावरची वास्तुशांत

सरकारी नोकरीत चौतीस वर्षे घालवून निवृत्त झालेल्या गृहस्थास आपल्या पत्नीला एकदा तरी परगावी नेण्याचा अधिकार असतो, असे मानण्यास हरकत नाही. नाशकातील निवृत्त हेडक्लार्क सदाशिवपंत गायधनी यांनी हा अधिकार सन एकोणीसशे चौतीसच्या मार्गशीर्षात बजावण्याचे ठरवले.

निमित्त एका कार्डाचे होते. पंतांच्या पत्नी वत्सलाबाई यांचे थोरले बंधू रघुनाथबुवा हे कळवणचे कीर्तनकार. दर दत्तजयंतीला संध्याकाळी ते जन्माचे कीर्तन करीत. लग्न झाल्यापासून वत्सलाबाईंनी ते एकदाही ऐकले नव्हते, कारण मार्गशीर्ष आला की साहेबांची थंडीतली फिरती निघे, आणि साहेबांच्या मागे दप्तर घेऊन पंत निघत. यंदा बुवांनी लिहिले होते, "वत्सले, गळा साथ देईनासा झाला. या पौर्णिमेचे कीर्तन शेवटचे. पहिल्याला तू नऊ वर्षांची, अगदी पुढ्यात बसली होतीस. शेवटच्याला येऊन बस, म्हणजे मी टाळ खाली ठेवायला मोकळा."

कार्ड वाचून वत्सलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पंतांनी कार्डावर 'पाहिले' असा शेरा मारून तारीख घातली.

कळवणला सर्व्हिस मोटार जात असे. पण तीत कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसेल याचा नेम नव्हता, आणि वत्सलाबाईंचे सोवळे कडक. वाटेत परक्या चुलीवरचे चालायचे नाही, परक्या घागरीतले पाणी चालायचे नाही. पंतांनी एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिले होते : विलायतेतले पेन्शनर चाकांवरच्या घरात बसून गावोगाव हिंडतात. त्यांनी देवळालीच्या छावणीतल्या लिलावातून एका लष्करी गाडीची चार चाके मिळवली आणि नियाज मिस्त्रीकडून त्यांवर फळ्यांचे घर बांधवून घेतले. दार, दोन खिडक्या, शेगडीचा कट्टा, कोनाड्यात देवघर.

इथवर काहीही बिघडले नव्हते.

"ज्या घराची वास्तुशांत नाही, त्यात मी शेगडी पेटवायची नाही," वत्सलाबाई म्हणाल्या.

"अगं, ही गाडी आहे."

"गाडीला देवघर असतं का?"

पंतांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्दा नामंजूर करण्याची त्यांना सवय नव्हती. पाडव्याला घालायचा कोट घालून ते होमाला बसले. नियाज मिस्त्रीने चारही चाकांखाली पाचरी मारल्या. तो म्हणाला, "पंत, होम चालू असताना घर निघालं, तर भटजींनी धावत धावत मंत्र म्हणायचे का?"

वास्तुशांत यथासांग झाली. आता पंतांची चौतीस वर्षांची शिस्त अशी, की जे घडले ते संबंधित कचेरीस कळवलेच पाहिजे. त्यांनी 'नवीन वास्तूत प्रवेश केला आहे' असा अर्ज धाडला. चतुःसीमेच्या रकान्यात लिहिले : पूर्वेस भागुबाई माळणीचा शेवंतीचा वाफा, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस नियाज मिस्त्रीचा लाकडाचा अड्डा, उत्तरेस दोन बैल.

कचेरीने या अर्जावर तीन दिवसांत निकाल दिला. शिपाई आला आणि दारावर पत्र्याची पाटी ठोकून गेला : घर नंबर ११४२ अ. पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवान वाळूने बैल जुंपले आणि नंबर ११४२ अ उत्तरेकडे चालू लागले.

शहराच्या हद्दीवरच्या नाक्यावर कारकुनाने पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"पंत, तुम्ही आमचे वडीलधारे. पण घर बाहेर जाऊ द्यायला रकाना नाही हो. गूळ जातो, कापूस जातो, गुरं जातात. घर आजवर गेलेलं नाही."

"बरोबर आहे," पंत समाधानाने म्हणाले. "रकाना नसताना सोडलंत, तर उद्या कुणीही वाडा घेऊन जाईल."

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" वत्सलाबाई आतून म्हणाल्या.

"मी नियमाच्या बाजूचा."

अर्धा दिवस खल झाला. शेवटी कारकुनाने तोड काढली. जुने लाकूड बाहेर नेण्याचा रकाना होता. त्याने दाखला लिहिला : 'जुने लाकूड, एक गाडी. सोबत पेन्शनर नग एक, कुटुंब नग एक.' पंतांनी अक्षराची तारीफ केली आणि दाखला घडी घालून खिशात ठेवला.

दिंडोरीच्या पुढे जंगलाचा नाका लागला. तिथल्या गार्डाने दाखला वाचून फळ्यांवर हात फिरवला.

"सागवान दिसतंय. कोणत्या जंगलातलं? प्रत्येक नगावर हातोड्याचा शिक्का लागतो."

"पण हे घर आहे," वत्सलाबाई म्हणाल्या.

"दाखल्यावर लाकूड आहे, आई. शिक्का नसेल तर फळ्या सोडवून मोजाव्या लागतील." त्याने हातोडा घेतला आणि देवघराच्या फळीपासून सुरुवात करण्याचा विचार बोलून दाखवला. वत्सलाबाई देवांसमोर आडव्या उभ्या राहिल्या. वाळू बैलांच्या कानात काहीतरी अर्वाच्य बोलला.

एक दिवस तिथे गेला. दुसऱ्या दिवशी पंतांनी वास्तुशांतीची निमंत्रणपत्रिका, होमाच्या सामानाची यादी आणि दारावरची पाटी असे तीन पुरावे सादर करून हे लाकूड नसून घरच आहे, हे सिद्ध केले. गार्डाने जबाब लिहून घेतला, त्यावर पंतांची सही घेतली आणि घर सोडले.

"आता कसं निर्वेध झालं," पंत म्हणाले. "आपण घर आहोत, हे सरकारी कागदावर आलं."

"कळवणला कधी पोचू, ते कुठल्या कागदावर आहे?" वत्सलाबाईंनी विचारले. पौर्णिमा परवावर आली होती.

वणी मागे टाकून ते कळवणच्या फाट्यावर पोचले. बैलांना पाणी दाखवायला वाळूने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तेवढ्यात सायकलवरून रस्ते खात्याचा कारकून सावळीराम आला. त्याने सायकल उभी केली, घराभोवती एक फेरी मारली, पाटी वाचली आणि विचारले, "हे घर का?"

"घरच," पंत अभिमानाने म्हणाले आणि जंगलाच्या नाक्यावरचा जबाब पुढे केला.

"मग हे सरकारी रस्त्यावर बांधलंय. अतिक्रमण."

"बांधलेलं नाय, थांबलेलं हाय," वाळू म्हणाला. "बैल पाणी प्याले की निघतंय."

"तू मधी बोलू नको. घराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. तीस दिवसांत मालकानं हलवलं नाही, तर खातं हलवणार. ही घ्या नोटीस."

"आम्ही आत्ताच हलवतो!" वत्सलाबाई म्हणाल्या.

"असं कसं, माई? पंचनामा झाल्याशिवाय हलवलं तर अतिक्रमण होतं, हे सिद्ध कसं व्हायचं? हलवा म्हणून नोटीस दिली आहे ना? मग नोटिशीचा निकाल लागेपर्यंत हलवता येणार नाही."

पंतांचा चेहरा उजळला. इतके निर्दोष तर्कशास्त्र त्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच ऐकले होते. "वा, सावळीराम! तुम्ही खात्यात पुढे जाल."

"मी पुढं जाईन, पंत. तुम्हांला नाही जाता येणार."

पौर्णिमा उजाडली. पंचनाम्यात 'घरमालक जागेवर हजर' असे वाक्य पडले होते, त्यामुळे पंतांना जागा सोडता येईना. दुपारी कळवणची सर्व्हिस मोटार धूळ उडवत येताना दिसली. वत्सलाबाईंनी पितळी तांब्या घेतला, पदर खोचला आणि त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, सोवळं?" पंत खिडकीतून म्हणाले.

"देव बघून घेईल. चला तुम्ही."

"पण मी हजर आहे, असं लिहिलंय."

"चौतीस वर्षं साहेबांची फिरती होती, म्हणून राहिलं. आता साहेबही नाही!"

पंतांनी पंचनाम्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि पुन्हा पंचनाम्याकडे पाहिले. तेवढ्यात ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मोटारीत लुगड्यांची गाठोडी घेऊन कळवणच्या बाजाराला निघालेली मासूमा नावाची विणकराची बायको होती. तिने गाठोडे मांडीवर घेतले आणि बाकावर हात थोपटला.

"इथं बसा, अम्मा. येवढ्या घाईत कुठं? कीर्तनाला? मग बराबर हाय. आमच्या मोहल्ल्यात कव्वाली असली, की मी बी चूल तशीच टाकून पळते."

वत्सलाबाई मांडीला मांडी लावून बसल्या. कीर्तन उभे राहायला तीन तास होते. मोटार निघून गेली.

आता फाट्यावर काय घडले ते सांगितले पाहिजे.

पंत खिडकीशी बसून, दौत समोर ठेवून, नोटिशीला उत्तर लिहीत होते. कांद्याची एक गाडी आली. पाटी असलेले घर, घरात खिडकी, खिडकीत चष्मा लावलेला लिहिता मनुष्य, एवढे पाहून गाडीवान आपण होऊन थांबला. पंतांनी विचारले, "का थांबलात?" तो म्हणाला, "तुम्ही बसलात म्हून." थांबलाच आहे तर नोंद असावी, म्हणून पंतांनी त्याचे नाव लिहून घेतले. नाव लिहिले, तर माल लिहिणे ओघाने आले. माल लिहिला, तर कुठून आला आणि कुठे चालला, हे न लिहिणे गैरशिस्त झाली असती. मागून येणारा त्याच्या मागे उभा राहिला, त्याच्या मागे तिसरा.

चौथ्या दिवशी रांग ओढ्यापर्यंत गेली. एक लग्नाचे वऱ्हाड दीड तास उभे होते. नवरदेवाचे वडील एवढेच म्हणाले, "काय असंल ते लवकर करा, मुहूर्त टळतोय." काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. हरसूलकडून सासुरवाडीला निघालेल्या एका म्हाताऱ्याजवळ कुठलाच कागद नव्हता, म्हणून तो शरमून माघारी फिरला. सहाव्या दिवशी सावळीराम अतिक्रमणाची पुढची तारीख द्यायला आला आणि रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर दुपारी लागला. सातव्या दिवशी एक साहेब मोटारीतून आले, त्यांनी रांग पाहिली, खिडकी पाहिली आणि वहीत शेरा लिहिला : 'नाका उत्तम चालला आहे. हा कोणी मंजूर केला याची चौकशी करून त्याला शाबासकी द्यावी.'

आठव्या दिवशी कळवणहून येणारी सर्व्हिस मोटार फाट्यावर थांबली. उतारू मुकाट्याने उतरले आणि खिशातून, कनवटीतून, पिशव्यांतून कागद काढू लागले. कुणी तगाईची पावती काढली, कुणी देवी टोचल्याचा दाखला. वत्सलाबाईही उतरल्या आणि त्यांनी आपले घर ओळखले.

"वाळू, हे काय रे?"

"लय वाढलं, आजी. मालकांना म्हनलं जेवा, तर म्हनले टपाल संपू दे."

"आणि ते अतिक्रमण?"

"नाक्याला कुनी अतिक्रमन म्हनत नाय."

वत्सलाबाई रांगेत उभ्या राहिल्या, कारण मध्ये घुसल्यावर एका बाईने त्यांना चांगलेच फैलावर घेतले. दीड तासाने त्या खिडकीशी पोचल्या. पंतांनी मान वर केली नाही.

"नाव?"

"वत्सला सदाशिव गायधनी."

"कोठून?"

"दादाच्या कीर्तनाहून."

टाक थांबला. शाईचा एक थेंब वहीवर पडला.

"गायले का गं बुवा?"

"गायले. पाळणा अर्धा झाला आणि गळा थांबला. माझ्याकडे बघून नुसते टाळ वाजवत राहिले. मग उरलेला मी म्हटला."

"तू? सगळ्यांसमोर?"

"अख्खं देऊळ मागे म्हणत होतं. दादानं शेजारी एक पाट मांडला होता तुमच्यासाठी. तो शेवटपर्यंत उचलू दिला नाही त्यानं."

पंतांनी चष्मा काढला. तो पुसायला धोतराचा सोगा घेतला आणि पुसायचे विसरले.

"ओ पंत," मागून कुणीतरी ओरडले, "घरचं बोलणं घरी करा. आम्हांला नोंद करायचीय!"

"वाळू," वत्सलाबाई म्हणाल्या, "बैल जुंप."

"अगं, तीस दिवसांतले बावीस बाकी आहेत. वाटेत पुन्हा नाके आहेत."

"असू देत. मला दादाकडे जायचंय, त्या पाटावर तुम्हांला बसवायला. आणि नाका चाललाय म्हटल्यावर त्याला कोण अडवेल?"

पंत विचारात पडले. नाक्याने नाक्याची तपासणी करावी, असा नियम त्यांना आठवेना. त्यांनी वही मिटली. वाळूने चाबूक नुसता हवेत हलवला आणि घर, खिडकीतल्या पंतांसह, कळवणच्या रस्त्याला लागले. पुन्हा रांगेत येऊन उभ्या राहिलेल्या सावळीरामाने सायकल बाजूला घेऊन वाट करून दिली. कळवणला बुवांनी टाळ खाली ठेवले होते. पण बहीण-मेहुणे दारात पाहून ते एकदाच पुन्हा उचलले, आणि फळ्यांच्या त्या घरासमोर, कंदिलाशिवाय, उन्हात, तीन श्रोत्यांचे कीर्तन केले. तिसरा वाळू. पंत पाटावर बसले होते आणि त्यांनी काहीही लिहून घेतले नाही.

फाट्यावर आता काही नाही. चाकांचे चार खड्डे होते, तेही पुढच्या पावसात बुजले. तरीही तिथे गाड्या थांबतात. माणसे उतरतात, कागद हातात धरून ओळीने उभी राहतात, ऊन लागले तर पदर-टोपी सारखी करतात, आणि साधारण अर्ध्या तासाने, आपला नंबर लागून गेला असे वाटले, की पुढे निघतात.

गेल्या मंगळवारी तुम्हीही तिथे उभे होता. हसू नका. मी तुमच्या मागेच होतो, आणि पुढे सरका म्हणून तुम्हांला मीच म्हणालो.