नवी खिडकी उघडायची न्हाई

आमचे घरमालक सोपानकाका. जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून त्यांनी दिवाळीत नवाकोरा घेतला आणि त्यात एकही नवी गोष्ट ठेवली नाही. स्क्रीन मोठी, झळझळीत. तिच्यावर मात्र सगळा करड्या रंगाचा बाजार. काट्यांचं घड्याळ, जाड बटणांचा कॅल्क्युलेटर, रेघ ओढली की पायऱ्या पडतात असला चित्रं काढायचा प्रोग्राम. सगळे आजोबांच्या वयाचे. त्यांच्या खिडक्या काका एकमेकींना अशा खेटून मांडतात की मधे बोटभर जागा मोकळी राहत नाही.

मी हिंजवडीत आयटीत आहे आणि चिखलीत काकांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. ती मांडणी बघून मला राहवलं नाही. "काका, हे भंगार काढून टाकू का?" मी विचारलं.

"भंगार न्हाई म्हणायचं," काका म्हणाले. "नांदतंय नव्हं? मग नांदू दे."

'नांदतंय नव्हं' हा काकांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न. पाण्याच्या मोटारीबद्दल तोच, तळमजल्याच्या वर्कशॉपातल्या पत्रा दाबायच्या प्रेसबद्दल तोच. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांनी मला जिन्यात गाठून, बायकोदेखत, तोच विचारला होता. बायको अजून त्यावरून मला छळते.

काका मूळचे चिखली गावातले. शेती बिल्डिंगांखाली गेली, पण काकांनी उभी हयात भोसरीच्या एका कंपनीत, ड्रॉइंग ऑफिसात काढली. तिथंच त्यांची लिनक्सशी, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीशी, गाठ पडली. स्वतः घरमालक असून कुणाच्याच मालकीची नसलेली वस्तू इतकी आवडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता नव्या लिनक्सनं स्क्रीनवर चित्र दाखवायची जुनी व्यवस्थाच काढून टाकली आहे. नवीत जुने प्रोग्राम चालतात, पण मधे एक दुभाष्या बसवावा लागतो. काका हे भाडेकरूंच्या भाषेत सांगतात. "मालक बदलला, पर जुन्या भाडेकरूंना हाकललं न्हाई. एक खोली दिलीय. सगळे म्हातारे तिथं दाटीवाटीनं ऱ्हात्यात."

नियम एकच, पण कडक. त्या कॉम्प्युटरवर नवी, म्हणजे नव्या प्रोग्रामची, खिडकी उघडायची नाही. घरात चांगला प्रिंटर असून काका साध्या कागदासाठी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे चालत जातात. जित्याची खोड म्हणून मी सोडून द्यायचो.

मागच्या रविवारी मला एक प्रिंट हवी होती आणि झेरॉक्सवाला बंद. काकांनी बरेच आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "ये, पर खिडकी लगीच मिटव."

कॉम्प्युटरपुढे सुमनकाकू बसल्या होत्या, हात माऊसवर. काकूंना विसरण्याचा आजार आहे. घरातली माणसंही आता त्यांना ओळखू येत नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन मोठे गोल डोळे होते, नुसतेच डोळे. काकू माऊस हलवायच्या, बाण जिकडे जाईल तिकडे डोळे वळायचे, आणि काकू लहान मुलीसारख्या हसायच्या.

मी अलगद माऊस घेतला आणि माझी फाइल उघडली. अर्ध्या स्क्रीनवर नवी, पांढरीशुभ्र खिडकी आली. बाण तिच्यावर गेला आणि डोळे जागच्या जागी थिजले.

"ते बघंनात," काकू म्हणाल्या. त्या स्क्रीनवरच्या डोळ्यांवर बोट आपटायला लागल्या. "ते बघंनात आता!"

"नव्या राज्यात ज्याच्या त्याच्या दाराला कडी," काका हळूच म्हणाले. "बाण नव्या खिडकीवर गेला, की कुठं गेला ते जुन्यांना कळत न्हाई. खाली जुनं कुणीतरी असलं, तरच डोळ्यांना दिसतो."

म्हणून ती खेटाखेटी! बाण कुठंही गेला तरी खाली एक म्हातारा असलाच पाहिजे.

"कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढले तवा एक घरी आणला," काका सांगू लागले. "त्यातबी हे डोळे व्हते. मी आपला घरीबी ड्रॉइंगात मुंडी घालून बसायचो. ही म्हणायची, ह्यो डबा तरी माझ्याकडं बघतो, तुमाला सवड न्हाई. खरंच नव्हती. आता दिसभर हिच्याकडंच बघतो, तर हिला ते दोनच डोळे वळखीचे."

मी फाइल मिटवली. प्रिंट राहिली. बाण पुन्हा करड्या घड्याळावर आला, डोळे वळले, आणि काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवून काकांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"भाऊ, आमचं ह्ये आलं का वो कंपनीतनं?"

"निघाल्यात, वैनी," काका म्हणाले. "येतीलच एवढ्यात."

आणि खुर्ची ओढून ते काकूंच्या शेजारी बसले.