लेकीच्या घरचं पाणी

तात्या दफ्तरदारांनी मला पहिला नमस्कार केला तो जीभ बाहेर काढून.

मी धारहून बदली होऊन देवासला आलो, तेव्हा राज्यं विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. शाळेत हजर झालो, खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि घरमालकांना भेटून यावं म्हणून शेजारच्या दारात गेलो. साठीकडे झुकलेले, गोरे, कडक इस्त्रीचं धोतर नेसलेले एक गृहस्थ उभे होते. मी हात जोडले. त्यांनी हात खाली सोडले, मान जराशी पुढे केली आणि चांगली लांब जीभ काढून मला दाखवली. मी मागे वळून पाहिलं. न जाणो, माझ्या मागे कोणी डॉक्टर उभा असायचा.

"घाबरू नका मास्तर," जीभ आत घेऊन ते म्हणाले, "तिबेटात असतं तसं. आपली जीभ काळी नाही, मनात पाप नाही, हे आलेल्या माणसाला आधी दाखवायचं. बसा."

मी बसलो. त्यानंतर आठ वर्षं मी त्यांचा शेजारी होतो आणि आठ वर्षांत किती देशांचे नमस्कार घेतले याची गणती नाही. जपानी नमस्काराला त्यांची कंबर धरायची. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा नमस्कार नाकाला नाक लावून असतो. तो त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना करून पाहिला आणि मुख्याध्यापक त्यानंतर त्या गल्लीनं यायचे बंद झाले.

हे सगळं तात्यांना कुठून मिळालं? ते धाकट्या पातीच्या मेहमानखान्यात कारकून होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: देवास म्हणजे एकाच गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. मेहमानखान्यात देशोदेशीचे पाहुणे उतरत आणि जाताना सचित्र मासिकं टाकून जात. तात्या ती घरी आणत, शब्दकोश घेऊन वाचत, चित्रं कापून खळीनं चिकटवत. राज्य गेल्यावर जुन्या दप्तरातली एक जाडजूड कोरी वही त्यांनी मागून आणली आणि तिच्यावर वळणदार मोडीत लिहिलं: "पृथ्वीवरील लोकांचे रीतिरिवाज." स्वतः तात्या इंदूरच्या पुढे कधी गेले नव्हते. एकदा उज्जैनला सिंहस्थाला गेले, तर गर्दीला कंटाळून दुसऱ्या दिवशी परत.

"असतं त्यांच्यात तसं," हे त्यांचं पालुपद. ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठा, क्षमाशील भाव यायचा. त्यांच्याकडे जेवताना मला एकदा मोठी ढेकर आली. मी ओशाळलो, तर म्हणाले, "अहो, अरबांत ही अन्नाला पावती समजतात. पुन्हा द्या." दूधवाला रामाजी अंगणाच्या कडेला पचकन थुंकला की आमची सौ. संतापायची. तात्या समजावायचे, "आफ्रिकेत काही लोक आशीर्वाद देताना थुंकतात, मास्तरीणबाई."

त्याच रामाजीला त्यांनी एक महिना जेरीस आणलं होतं. बल्गेरियात म्हणे होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी. तात्यांनी तेच सुरू केलं. रामाजी चरवी घेऊन उभा. "बासाब, दूध देणो के नी देणो? मुंडी तो रोज उलटी हाले है!" शेवटी त्यानं आमच्याच भांड्यात दोन घरांचं दूध ओतून जायला सुरुवात केली.

पण माझी सौ. तात्यांना मानू लागली ती वेगळ्या कारणानं. आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. माझी आत्या धारहून आली होती. तात्यांच्या देखत तिनं विचारलं, "काय गं, अजून काहीच कसं नाही?" सौ.ची मान खाली गेली. मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं घातलं. तात्या एकदम म्हणाले, "आज ऊन फार आहे, नाही?" पौष महिना होता, आत्यानं शाल पांघरली होती. तात्यांनी ऊन, वारा, ढग, सगळं अर्धा तास चालवलं. आत्या उठून गेल्यावर ते सौ.ला म्हणाले, "इंग्रजांत असं खाजगीतलं विचारणं असभ्य समजतात. कोणी विचारलंच, तर हवेचं बोलायचं." त्या दिवसापासून सौ. त्यांना ताजी पोळी पाठवू लागली.

आता खरी गोष्ट सांगतो.

अख्ख्या पृथ्वीला "असतं त्यांच्यात तसं" म्हणणाऱ्या तात्यांना एकच मुलूख सहन होत नव्हता आणि तो आमच्या घरापुढच्या रस्त्यापलीकडे होता. हा रस्ता म्हणजे पूर्वी सरहद्द. अलीकडचं धाकट्या पातीचं, पलीकडचं थोरल्या पातीचं. राज्यं गेली तरी तात्यांच्या लेखी पलीकडे परदेशच. तिकडे जायचं तर ते पगडी घालत, उपरणं घेत आणि दाराला दोनदा कुलूप ओढून पाहत. त्या परदेशात त्यांची एकुलती एक लेक दिली होती. कमळ. कमळ लहान असतानाच तात्यांची पत्नी गेली. त्यांनीच तिची वेणी घातली, परकर शिवून आणले, लग्न करून दिलं.

दफ्तरदारांच्या घराण्यात एक जुना नेम होता. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. बऱ्याच घरांत हा नेम होता, पुढे सैल झाला. तात्यांकडे सैल झाला नाही. लेकीला भेटायचं तर असायचं, म्हणून ते फिरकीचा तांब्या घरून भरून नेत. फिरकीचा, म्हणजे वाटेत हिंदकळू नये. लग्न झालं तेव्हा राज्यं होती, रस्त्यावर नाका होता. नाकेदार विचारायचा, "कई लई जई रिया हो, तात्यासाब?"

"पाणी."

"वां पाणी नी मिले कई?"

विहीणबाईंनाही हेच कळत नव्हतं. त्यांच्यात असा नेम नव्हता. पाहुणा आला की आधी पाणी, मग गूळ, मग बोलणं. आणि इथं व्याही समोर बसून, फिरकी उघडून, स्वतःच्या तांब्यातलं पाणी घटाघट पितोय! "आमच्या विहिरीत काय मेलेलं मांजर दिसलं तुम्हाला?" असं त्या एकदा तोंडावर म्हणाल्या. तात्या घरी येऊन फणफणले, "पलीकडच्या लोकांना रीतभात म्हणून नाही!" मग त्यांचं जाणं कमी झालं. कमळताई सणावारी माहेरी यायची, हसायची, बापाचे कपडे वाळत घालायची आणि जायची. वर्षं गेली. मूल झालं नाही.

सौ. एकदा त्यांची ती वही चाळत होती. "तात्या, ह्यात आपला रिवाज कुठं लिहिलाय? लेकीच्या घरच्या पाण्याचा?"

तात्यांना प्रश्नच समजला नाही. "आपला कशाला लिहायचा? ते रिवाज आहेत. आपलं ते आपलं."

मी हसलो. सौ. हसली नाही.

आठव्या वर्षी चैत्रात कमळताई आमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती. ती गेल्यावर तात्या ओसरीवर बसून म्हणाले, "पोर वाळलीय. भेटायला जायला हवं. पण विहीणबाई आहेत, तांब्या बघून पुन्हा काही बोलतील."

सौ. तांदूळ निवडत होती; सूप खाली ठेवून म्हणाली, "तात्या, एक सांगू? रागवू नका. आतेसासूबाईंनी मला विचारलं, तेव्हा तुम्ही अर्धा तास हवेचं बोललात. मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. पण कमळताईंना तर तुम्ही दर भेटीला तेच विचारता. तोंडानं नाही, तांब्यानं."

तात्या उठून आत गेले. पुढचे चार-पाच दिवस आम्हाला कुठल्याही देशाचा नमस्कार मिळाला नाही. सौ.ला वाटलं, आपण म्हाताऱ्याला दुखावलं. मीही तिला तसंच म्हणालो. आता वाटतं, आठ वर्षांत त्या घरात खरं बोललेली ती एकटीच.

सहाव्या दिवशी, भर अकराच्या उन्हात, तात्या पगडी घालून आमच्या दारात आले. "मास्तर, विहीणबाई कन्नौदला लग्नाला गेल्यात. कमळकडे चला माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही." हातात तांब्या नव्हता. रस्ता ओलांडताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज पिणार आहे. ती पुढं करेल, तसा पिऊन टाकणार. काही बोलायचं नाही, जसं काही नेहमीचंच."

कमळताईला इतका आनंद झाला की तिला काय करू नि काय नको. तिनं सतरंजी अंथरली, पंखा आणला, आम्हाला बसवून आत गेली. माठावरचं झाकण वाजलं. ती पेला घेऊन बाहेर आली. वाळा घातलेलं गार पाणी. एकच पेला. तो तिनं माझ्यापुढे ठेवला.

मला फार तहान लागली होती. मी पेला उचलला आणि तळापर्यंत प्यायलो. खाली ठेवताना बघितलं, तर तात्या त्या पेल्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

कमळताईचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. "तात्या, तांब्या विसरलात की काय आज?"

तात्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील. "हो," ते म्हणाले, "राहिला घरी."

"अगं बाई! इतक्या उन्हात? मग फार वेळ नका बसू. घसा सुकेल तुमचा. मास्तर, यांना लवकर घेऊन जा हं."

ती हे मायेनं म्हणत होती. बापाचा नेम आपल्या घरी मोडू नये म्हणून ती जपत होती, आणि बाप मोडायला आलेला. मी "आणखी एक पेला आणा" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण बापलेकीच्या मध्ये परक्यानं बोलू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. आमच्यात असतं तसं. मी रिकामा पेला हातात फिरवत बसलो. याची मला अजून लाज वाटते.

दहा मिनिटांत आम्ही उठलो. ती दारापर्यंत आली आणि "सावलीतून जा" म्हणाली.

घरी आल्यावर तात्यांनी पगडीही काढली नाही. उभ्यानंच माठातून तीन भांडी पाणी प्यायले. मी म्हणालो, "तात्या, मागायचं होतंत."

"कसं मागणार?" ते म्हणाले. "मागितलं की तिला कळलं असतं, बापानं आता आशा सोडली. तिनं आपण होऊन दिलं असतं, तर गोष्ट वेगळी." मग ते ओसरीवर टेकले. "पोर गुणी आहे हो माझी. इतक्या वर्षांत विसरली नाही. मास्तर, तिला हे कधी सांगू नका. आपलं चुकलं असं वाटेल तिला."

त्यानंतर ते एकदा-दोनदा तिच्याकडे गेले. तांब्या घेऊनच गेले. तिला पुन्हा घशाची काळजी नको म्हणून.

त्याच वर्षी मार्गशीर्षात तात्या गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. तेराव्याला जेवणं झाली, माणसं पांगली. विहीणबाईसुद्धा येऊन डोळे पुसून गेल्या. कमळताई ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसली.

मग म्हणाली, "मास्तर, माझ्याकडून त्यांना नातवंड काही मिळालं नाही. पण एका गोष्टीचं समाधान आहे मला. त्यांचा नेम मी शेवटपर्यंत मोडू दिला नाही. त्या दिवशी उन्हातून आले होते ना, तुमच्याबरोबर? चेहरा नुसता लाल झाला होता. माठ हाताशी होता माझ्या. दुसरा पेला भरलासुद्धा होता मी. मग ओतून टाकला."

सौ.नं माझ्याकडे बघितलं. तिला मी सगळं सांगितलेलं होतं.

"त्यांना कळलं असेल का हो?" कमळताईनं विचारलं.

"कळलं होतं," मी म्हणालो. "घरी आल्यावर तेच बोलत होते. फार खूश होते तुमच्यावर."