हंगामभराची भीड

"सर, काय मस्त आहे हो हा स्कार्फ," असं सुयश पेंडसे बोलून गेला आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

खरं म्हणजे त्याला स्कार्फाशी काही देणंघेणं नव्हतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मालवाहतूक कंपनीत तो कंटेनरची कागदपत्रं सांभाळायचा आणि मुनीर सरांच्या कॅबिनमध्ये फक्त सहीसाठी आला होता. पण सही मागण्याआधी समोरच्याशी दोन बरे शब्द बोलावेत, अशी आईने लावलेली सवय. सरांच्या खुर्चीवर दुबईच्या बास्केटबॉल टीमचा नवाकोरा स्कार्फ पडला होता, तेवढाच विषय सापडला.

"तुला आवडला?" मुनीर सर उठले आणि त्यांनी तो स्कार्फ सुयशच्या गळ्यातच घातला. "खलास. तुझा झाला."

"नको नको सर, मी आपलं सहज..."

बैरुतमध्ये वाढलेल्या माणसासमोर त्याच्या वस्तूचं कौतुक करायचं नसतं, तो ती देऊन मोकळा होतो. दुबईत इतकी वर्षं काढून सुयशला हे कळलं नव्हतं. आणि पुण्याच्या माणसाने केलेलं कौतुक हे बरेचदा दुसरा विषय नसल्यामुळे केलेलं असतं, हे मुनीर सरांना कोण सांगणार?

"म्हणजे तू बास्केटबॉल बघतोस?"

"हो तर! शाळेत खेळायचो." शाळेत त्याला उंचीमुळे बास्केटखाली नुसता उभा करत असत, हे सांगायचं राहिलं.

सरांनी ड्रॉवरमधून दोन पास काढले. "क्लायंटने दिलेत. युरोलीगच्या अख्ख्या सीझनचे. दोन्ही घेऊन जा, बायकोला दाखव."

इथे 'थँक यू' म्हणून बाहेर पडायचं होतं. पण साहेबांच्या हातून दोन-दोन पास कसे घ्यायचे? सुयशला भीड पडली. "छे, सर! तुमच्याबरोबर बघण्यात जी मजा आहे ती..."

सरांचा चेहरा क्षणभर बदलला. साहेब हेलावले, असं सुयशला वाटलं.

"तुझी इच्छा असेल तर," ते सावकाश म्हणाले, "यल्ला, चल, दोघं जाऊ."

घरी डिस्कव्हरी गार्डन्सला हे ऐकून अनुपमाने कढीखालचा गॅस बारीक केला. "पण दुबई युरोपात कधी गेली?"

"आई, इट्स युरोलीग. जिऑग्रफी डझन्ट मॅटर," लेकीने, आभाने, मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं.

पण जिऑग्रफी चांगलीच मॅटर करू लागली. इस्तंबूल आलं, अथेन्स आलं, बेलग्रेड आलं, माद्रिद आलं. कधी कधी एकाच आठवड्यात दोन शहरांच्या टीम खेळायला यायच्या. दिवसभर कंटेनरच्या मागे धावून सुयशचे खांदे उतरलेले असत आणि संध्याकाळी त्या थंडगार हॉलमध्ये ढोल बडवणाऱ्या पब्लिकमध्ये तो सरांशेजारी बसलेला असे. लोक उठले की उठायचं, लोक बसले की बसायचं. शेजारी सर 'ओह!' म्हणाले की हाही 'ओह!' म्हणे. इथे शेवटचं एक मिनिट पंधरा मिनिटं चालतं, हे कळल्यापासून त्याचा घड्याळावरचा विश्वासच उडाला होता. घरी पोचेपर्यंत जेवण फ्रीजमध्ये आणि बायको झोपेत.

"नाही म्हणून सांग ना एकदा," अनुपमा म्हणायची.

"साहेब आहेत गं. एवढ्या प्रेमाने नेतात."

"भीड भिकेची बहीण असते, सुयश."

मग त्याने आडवळणाने नाही म्हणून पाहिलं. "सर, इतक्या ट्रॅफिकमधून गाडी चालवून फार दमायला होतं." त्यापुढच्या मॅचपासून मुनीर सर स्वतःच्या गाडीतून त्याला आणू-सोडू लागले. "सर, पोट जरा बिघडलंय." सरांनी बायकोकडून मसुराचं सूप करून आणलं आणि थर्मास रिकामा होईपर्यंत गाडी सुरू केली नाही. शेवटी तो म्हणाला, "सर, अनुपमा आणि मुलगी घरी एकट्या असतात हो." पुढच्या मॅचला शेजारच्या दोन खुर्च्यांवर अनुपमा आणि आभा बसल्या होत्या.

तिथेच घात झाला. हॉलमधल्या एसीने अनुपमाचा घसा बसला, तो आठवडाभर उघडेना. एरवीची गोष्ट वेगळी, पण आता हा घसा फार मोलाचा होता. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात अनुपमा गाणार होती. लग्नानंतर, बदल्यांत आणि आभाच्या परीक्षांत सुटलेलं गाणं तिने कितीतरी वर्षांनी पुन्हा हातात घेतलं होतं. महिनाभर हळदीचं दूध पिऊन, कानाला रुमाल बांधून तिने आवाज परत आणला.

"शुक्रवारी तू पहिल्या रांगेत बसायचंस," ती म्हणाली. तिने रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "तू समोर दिसलास की मला धीर येतो. दुसरं काही मागत नाही मी."

संसारात इतक्या वर्षांत तिने मागितलं ते एवढंच. "आलोच समज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुनीर सर डेस्कपाशी आले. "शुक्रवारी फार मोठी मॅच आहे, हबीबी. मी न्यायला येतो."

आणि सुयश म्हणाला, "इन्शाल्ला, सर."

शुक्रवारी खाली उभं राहून सरांना स्पष्ट सांगायचं आणि टॅक्सीने सभागृह गाठायचं, असं ठरलं होतं. आरशासमोर दोन वेळा तालीमही झाली. पण सरांनी आतून हसत गाडीचं दार उघडलं आणि झब्बा घातलेला, वर स्कार्फ गुंडाळलेला सुयश आत जाऊन बसला.

"आज खास कपडे? मॅचसाठी?"

"हो सर," सुयश म्हणाला. आपल्याच जिभेचा त्याला मनापासून कंटाळा आला.

शेख झायेद रोडवर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तेवढ्यात अनुपमाचा व्हॉइस मेसेज आला. मागे तंबोरा लागत होता. "सुयश, पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवलीय. लोक मागतायत. किती वेळ धरू रे?"

"सर," सुयश एकदम म्हणाला, "मला बास्केटबॉल आवडत नाही."

सरांनी गाडी बाजूच्या पेट्रोल पंपात घेतली. इंजिन बंद केलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. आज माझी बायको गाणार आहे, सर. मला तिथे असायला हवं."

मुनीर सरांनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. त्यांचे खांदे हलू लागले. गेली आपली नोकरी, सुयशने मनाशी म्हटलं. मग त्याच्या लक्षात आलं, सर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.

"हबीबी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी दोन्ही पास तुलाच देत होतो. तू म्हणालास, तुमच्याबरोबरच मजा येते. मग पाहुण्याला एकटं कसं पाठवायचं? माझे गुडघे गेले रे त्या जिन्यांवर! बायको रोज विचारते, त्या माणसाला नाही म्हणायला तुझी जीभ झडते का?"

"मग ते 'ओह'?"

"तू म्हणायचास म्हणून."

"मी तुम्ही म्हणायचात म्हणून!"

दोघंही सीटवर मागे रेलले. हंगामभराचा शीण एकदम अंगावर आल्यासारखे.

"यल्ला," सर म्हणाले. "पत्ता सांग. मी तुला सोडतो."

इथे पुन्हा नुसतं 'थँक यू' पुरलं असतं. "तुम्ही पण चला ना, सर," सुयश म्हणाला.

अनुपमा उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेत सुयश होता. तिची नजर त्याच्यावर टेकली आणि आवाज असा मोकळा लागला की सुयशचे डोळे भरून आले. शेजारी मुनीर सर डोळे मिटून डोलत होते. निरखून पाहिल्यावर तो डोलण्याचा प्रकार नव्हता, पण घोरणं तबल्याच्या लयीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर अनुपमा तिळगुळाचा डबा घेऊन आली. "कसं वाटलं, सर?"

"अप्रतिम!" सर दचकून म्हणाले. "असं संगीत मी रोज ऐकू शकेन."

अनुपमाचा चेहरा उजळला. इतकं मनापासून कुणी म्हटलं नव्हतं तिला. "खरंच? मग आमच्याकडे दर गुरुवारी बैठक असते, पेटी-तबल्यासकट. वर्षभर चालते. तुमची खुर्ची आजपासून पक्की!"

सरांचा चेहरा क्षणभर बदलला. या वेळी मात्र सुयशला तो चेहरा बरोबर ओळखता आला. सर त्याच्याकडे बघत होते. एक शब्द बोलला असता तर माणूस सुटला असता. सुयशने बायकोच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," अनुपमा म्हणाली.

"ट्रॅफिकची काळजी करू नका, सर," सुयश म्हणाला. "मी स्वतः न्यायला येईन."