मानाच्या जागेवरचा पाम

झाडाला बोलता येत नाही, म्हणून त्याची काळजी सरकारला घ्यावी लागते. माणसाला बोलता येते; सबब त्याची काळजी घेण्याचे काही कारण उरत नाही. कोक-दोबो नगरपालिकेचा कारभार या तत्त्वावर वर्षानुवर्षे सुरळीत चालला आहे. गेल्या हिवाळ्यात या तत्त्वाची कसोटी लागली आणि तीत नगरपालिका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. (परीक्षकही तीच होती.)

त्याचे असे झाले. कोक-दोबो हे डोंगरातले गाव. इथे उन्हाळा येतो, पण सामान न सोडताच परत जातो. अशा गावाला काळ्या समुद्राकाठच्या एका मित्र-शहराने शरद ऋतूत एक पाम भेट दिला. लाकडी पिंपात लावलेला, पुरुषभर उंच, दोन्ही हातांनी आशीर्वाद देत असल्यासारखा. तो घेऊन आलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख नोदार नावाचे गोलमटोल गृहस्थ होते. निरोप घेताना त्यांनी पामच्या खोडावर थाप मारली आणि म्हणाले, "याला आपल्या घरचाच समजा. वसंतात, नूरुझच्या सणाला मी भेटायला येतोच!"

असे वाक्य लोक गाडीत बसता बसता बोलतात आणि गाडी वळली की विसरतात. पण नगराध्यक्ष शायलोबेक तेमिरोविच यांनी ते फार मनावर घेतले. त्यांनी पाम सार्वजनिक वाचनालयात नेऊन ठेवला आणि ग्रंथपाल काकिश एजे यांना बोलावून सांगितले, "नूरुझला हा जिवंत दिसला पाहिजे. जगला तर वाचनालय जगलं. नाहीतर ती खोली वाहन विभागाला देऊन टाकतो. ते कधीचे माझ्या मागे लागलेत."

काकिश एजेंना (सगळे गाव त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणते, नगराध्यक्षांच्या आईसुद्धा) वाहन विभागाची भीती नव्हती. काळजी होती ती आपल्या वाचकांची. नियमित वाचक तीन. तिघेही पेन्शनर, तिघांच्याही घरी कोळसा जपून जाळावा लागतो. वाचनाची गोडी त्यांना ऑक्टोबरात लागते आणि एप्रिलात सुटते. त्यांतले वडीलधारे झुमाश आके (आके म्हणजे थोरला भाऊ) हे निवृत्त घोडेवैद्य गेली तीन वर्षे एकच कादंबरी वाचत होते आणि नायिकेचे लग्न होऊ नये म्हणून मुद्दाम हळू वाचत होते. खोली गेली तर ही माणसे जाणार कुठे?

आता पाम कुठे ठेवायचा? यावर चर्चेला जागाच नव्हती. पाम पाहुणा होता, आणि पाहुणा बसतो तो तोरला. तोर म्हणजे दाराच्या बरोबर समोरची, दारापासून सगळ्यांत लांबची जागा. दाराजवळ सुना, पोरेटोरे आणि ज्यांना कोणी विचारत नाही ते बसतात. इथल्या लोकांच्या जुन्या गोल तंबूत ही व्यवस्था उत्तम चालते, कारण चूल मध्यभागी असते. वाचनालय मात्र कोणा परक्या इंजिनिअरने बांधलेले. त्या बाबाने विटांची शेगडी दाराला चिकटून बांधली आणि दारासमोरच्या भिंतीला भलीमोठी खिडकी ठेवली. त्यामुळे गेली अनेक वर्षे वाचनालयात ज्यांना काही मान नाही ते शेगडीपाशी ऊब खात बसत, आणि मान्यवर मंडळी भेटीला आली की खिडकीखाली बसून लवकर उठून जात. ही सोय कोणी जाणूनबुजून केलेली नव्हती, म्हणूनच ती टिकून होती.

पाम खिडकीखाली बसला. त्याच्या स्वागताला मेंढा कापण्यात आला आणि रीतीप्रमाणे मेंढ्याचे डोके पाहुण्यापुढे ठेवण्यात आले. पाहुण्याने कान कापून लहानांना द्यायचा असतो. पामने तो दिला नाही. (याची नोंद 'पाहुणा संकोची आहे' अशी झाली.)

पहिली थंडी पडली आणि पामच्या पानांची टोके तपकिरी झाली. लगोलग पाम संरक्षण समिती स्थापन झाली. तिने हाती घेतलेले उपाय असे: पानांवरून नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, पांघरणे; पिंप मात्र उघडेच ठेवणे, कारण पाहुण्याच्या पायांना हात लावणे बरे दिसत नाही. पाहुणा चहाशिवाय राहू नये म्हणून प्रत्येक बैठकीतला उरलेला चहा मुळाशी ओतणे. तपकिरी टोके शोभत नाहीत म्हणून हिरवी रंगवणे. शेवटच्या उपायाने आजारी पानांचे प्रमाण एका दुपारीत शून्यावर आले.

एजेंनी झाडांवरचे वाचनालयातले एकुलते एक पुस्तक काढून वाचले. त्यात लिहिले होते की पामचा जीव मधल्या कोंबात असतो. तो हळूच ओढून पाहावा. घट्ट असेल तर झाड वाचेल, हातात आले तर संपले. एजेंनी श्वास रोखून दोन बोटांनी ओढून पाहिला. घट्ट होता. त्यांनी ही गोष्ट आनंदाच्या भरात समितीला सांगितली, आणि इथे त्यांची चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून समितीचा प्रत्येक सदस्य जातायेता कोंब ओढून खात्री करून घेऊ लागला. आठवड्याभरात कोंब हलायला लागला. (कारण: थंडी.)

एजे तडक नगराध्यक्षांकडे गेल्या.

"शायलोबेक तेमिरोविच, त्याला शेगडीकडे हलवा. अगदी चिकटून नको, चार हात लांब. पिंपाला नमदा गुंडाळा, त्याची मुळं गारठलीत. चहा बंद करा. आणि तुमच्या लोकांना म्हणावं, हात खिशात ठेवा."

"शेगडीकडे? म्हणजे दाराशी?" नगराध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "एजे, तुम्ही शुद्धीवर आहात ना? नोदारनं विचारलं तर काय सांगू? तुमचा माणूस आम्ही उंबऱ्यात बसवला, जोड्यांशेजारी?"

"जिवंत राहील ना पण!"

"अपमान करून जगवायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

एजेंचा संताप अनावर झाला. "पाम हलवायचा नाही, शेगडी हलत नाही. मग दारच हलवा की!"

त्या टोमणा मारून निघून आल्या. तो टोमणा आहे हे त्यांच्याखेरीज कोणाच्याच लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर. जुने दार विटांनी बुजवण्यात आले, समोरची खिडकी फोडून तिथे दार बसवण्यात आले. ऐन जानेवारीत, बाहेर थुंकी गोठत असताना. आता दारापासून सगळ्यांत लांबची जागा म्हणजे शेगडीची बाजू. तोर तिथे आला. पाम तिथे गेला, आणि कोणाचाही अपमान झाला नाही.

फक्त एक बारीकसा परिणाम झाला. शेगडीपाशी आता मानाची जागा असल्यामुळे तिथे पेन्शनरांनी बसणे शोभेना. झुमाश आके आणि मंडळींचा बाक उचलून नव्या दाराशी ठेवण्यात आला. उलट पाहुण्याला एकटे सोडू नये म्हणून समिती जातीने तोरला येऊन बसू लागली. पूर्वी समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायची. आता ती रोज सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी तहकूब होई.

झुमाश आके टोपी कानांवर ओढून, हातमोजे घालून कादंबरी वाचत. हातमोज्यांनी एकदम दोनदोन पाने उलटत.

"एजे," ते एकदा म्हणाले, "मोज्यांपायी पोरीचं लग्न होऊन गेलं की गं! मला कळलंच नाही."

एजेंना हसू आले आणि त्याच क्षणी रडूही. हे सगळे आपल्याच जिभेने केले, हे त्यांना रात्रंदिवस टोचत होते. म्हातारा खोकत होता. त्या येताजाता त्याच्या हातात गरम चहाचा वाडगा देत. पामचा चहा बंद झाल्यामुळे तो उरत होता.

आणि पाम? चार हात लांब, पिंपाला नमदा, घोटभरच पाणी. तपकिरी पाने एजेंनी कोणाला कापू दिली नाहीत, कारण पुस्तकात म्हटले होते की तीही अजून झाडाला पोसत असतात. (समितीच्या सरासरी वयाकडे पाहता हा मुद्दा एकमताने मान्य झाला.) फेब्रुवारीच्या शेवटी मधला कोंब पुन्हा घट्ट झाला आणि त्यातून बोटभर हिरवे पाते वर आले. समितीने स्वतःचे अभिनंदन केले.

नूरुझ उजाडला. अंगणात सुमोलोकची, म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या खिरीची कढई रटरटत होती, आत बोर्सोकचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा डोंगर रचला होता. नोदार खरोखरच आले. त्यांच्या अंगावर मानाचा जाड झगा चढवला, डोक्यावर नमद्याची टोपी ठेवली आणि तोरला, पामशेजारी बसवले. पाहुण्याच्या सन्मानार्थ शेगडी तोंडापर्यंत भरली होती.

"हिवाळ्यात तुमच्याकडे या झाडांचं काय करता?" नगराध्यक्षांनी जाणकारपणे विचारले.

"काय करायचं असतं? रस्त्यावर उभी असतात," नोदार म्हणाले. (समितीला त्या शहराची कीव आली.)

मेंढ्याचे डोके येईपर्यंत नोदारांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. ते उठले, झगा सावरत थेट दारापाशी गेले आणि झुमाश आकेंच्या बाकावर धपकन बसले. "हुश्श! इथं वारा आहे."

मुख्य पाहुणा दाराशी! डोके घेऊन आलेली बाई मध्येच थिजली.

"नोदारभाऊ, तिथं नका हो! ती जागा तुमची नाही!" नगराध्यक्ष कळवळून म्हणाले.

"असू दे, असू दे. शेजार चांगला आहे."

पाहुण्याला हात धरून उठवता येत नाही. नगराध्यक्षांनी केविलवाण्या नजरेने काकिश एजेंकडे पाहिले. एजे या क्षणाची वाट पाहत नव्हत्या, पण तो आल्यावर त्यांनी तो सोडला नाही.

"उपाय एकच, शायलोबेक तेमिरोविच. मागच्या वेळचाच."

गवंडी सुमोलोकच्या कढईपाशीच होते. मांस निवायच्या आत जुने दार मोकळे झाले, नव्या दाराला कडी घालून आडवा नमदा टांगला. नोदार जागचे हलले नाहीत आणि तरीही तोरला आले. डोके त्यांच्यापुढे गेले, त्यांनी कान कापला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण एजे," नगराध्यक्ष एकाएकी दचकले, "पाम! तो दाराशी आला की!"

"आला. आपल्याबरोबर अख्खा हिवाळा काढला त्यानं. अजून पाहुणाच म्हणायचं? नोदारभाऊ स्वतःच म्हणाले होते, घरचाच समजा."

"अगदी घरचा!" नोदार तोंडात घास असतानाच म्हणाले.

"झालं तर. घरच्याला कुठंही बसवा, तो रुसत नाही. आके, तुम्हीही या इकडं शेगडीपाशी, पाहुण्यांच्या वाटेत बसू नका."

तेव्हापासून पाम शेगडीपासून चार हातांवर, जोड्यांशेजारी सुखाने वाढतो आहे. त्याच्या सावलीत झुमाश आकेंनी कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून घेतली आहे. नव्या दाराची पुन्हा खिडकी झाली असून ती नीट बसत नाही. समिती आपल्या इभ्रतीला साजेशी, तिच्याखाली बसते. बैठका पुन्हा महिन्यातून एकदा होतात आणि फार थोडक्यात आटोपतात.

वाचकहो, तुम्ही इथवर शांतपणे वाचलेत, मध्ये काही बोलला नाहीत, तक्रार केली नाहीत. अशा माणसांची कोक-दोबोत फार कदर होते. नगरपालिकेने तुम्हाला मानाचे पाहुणे ठरवले आहे. जानेवारीत अवश्य या. खिडकीखालची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.