इंग्रजी गाडीचा कासरा

धब... धब... धब... असा तो आवाज होता. नानाजी तेव्हा एवढेसे होते आणि गावच्या पांदणीतून कापसाच्या दलालाची इंग्रजी मोटरसायकल येत होती. घाई नाही, गडबड नाही. एक 'धब' झालं की दुसऱ्याच्या आधी माणसानं निवांत श्वास घ्यावा. नानाजी जन्मापासून सावकाश बोलणारे. त्यांचं वाक्य अर्ध्यावर येईपर्यंत समोरचा माणूस जेवून हात धुऊन येई. त्यामुळे आपल्यासारखंच थांबत थांबत बोलणारं या जगात आणखी कुणीतरी आहे, याचं त्यांना फार बरं वाटलं. पुढं त्यांनी शेती केली, संसार केला, म्हातारपणी मुलाच्या घरी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आले. तो आवाज मात्र कानातून गेला नाही. (ऐकू येणं बरंचसं गेलं, पण आवाज राहिला.)

असा आवाज कानात असलेल्या माणसानं भंगाराच्या दुकानात जाऊ नये. नानाजी गेले. उन्हाळा संपला होता, कूलरची गंजलेली टाकी विकून टाकावी, एवढाच साधा विचार होता. भंगारवाल्या चंदनच्या वाड्याचं फाटक बंद राहावं म्हणून त्याला एका मोटरसायकलचा सांगाडा टेकवून ठेवला होता. पेट्रोलच्या टाकीवरची कंपनीची अक्षरं केव्हाच उडून गेलेली. नानाजी तिच्यासमोर उभे राहिले ते राहिलेच.

"काकाजी, इंग्रजाची हाय," चंदन म्हणाला. "मिल्ट्रीच्या लिलावातली. नाल्यातून, डोंगरातून, कुठूनबी चालते."

"चालते?"

"चालत व्हती."

संध्याकाळी चंदनच्या टेम्पोतून सांगाडा घराच्या मागच्या व्हरांड्यात उतरला. नानाजींच्या बायको, रुख्माबाई, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"टाकी इकाले गेलते ना तुम्ही?"

"हो."

"मंग हे काय हाय?"

नानाजींनी विचार केला, शब्द गोळा केले, घसा साफ केला. तोवर रुख्माबाईंनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं, "भंगार नेलं अन् भंगारच आनलं!"

त्या व्हरांड्यात सुनेचं, म्हणजे नमिताचं, नवीन वॉशिंग मशीन बसायचं होतं. ते खोक्यातच राहिलं, आणि त्याच्या जागी भैय्याजी बसू लागले. भैय्याजी पुलगावच्या मिलमधले जुने फिटर, नानाजींचे दोस्त. सकाळच्या गाडीनं यायचे, चहा घ्यायचे, एक नट खोलायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. बाजारातला एकही पाना त्या नटांना लागेना. एक सैल व्हायचा, दुसरा शिरायचाच नाही.

"इंग्रज गेला, पन माप ठेवून गेला," भैय्याजी म्हणायचे आणि कानस घेऊन पान्याचंच तोंड घासायला बसायचे.

गाडी हळूहळू भरत गेली आणि स्वयंपाकघर रिकामं होत गेलं. कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात भिजत पडला, तो वरणाच्या पातेल्यात. इंजिनाचं पॅकिंग कापलं, ते भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेतून, कारण असा जाड कागद आजकाल मिळत नाही. (लग्न व्हायचं होतं. तारीख इंजिनात गेली.) आणि चेन तर ग्रीसमध्ये उकळावीच लागते, असं भैय्याजींनी ठासून सांगितलं.

"अवो," रात्री पहिला घास घेऊन रुख्माबाई थांबल्या. "भाजीले ग्रीसचा वास काऊन येऊन राह्यला?"

मुलानं, म्हणजे श्रीनिवासनं, ताट सरकवलं. तो सेवाग्रामला ऑफिसात क्लार्क. घरी आवाज चढवत नसे, पण त्या रात्री म्हणाला, "बाबा, हे आता जास्त होऊन राह्यलं हं."

ग्रीस आणि चिंच यांचा काय संयोग झाला कुणास ठाऊक, पण हिवाळ्याच्या तोंडावर गाडीनं एक ढेकर दिला, काळा धूर सोडला आणि धब... धब... धब... नानाजींनी डोळे पुसले. धुरानं, असं ते म्हणाले.

त्या आवाजाच्या मागावर अंकित आला. या पोराचा जुन्या गाड्यांचा क्लब होता, आणि क्लबाची शर्यत व्हायची होती. फक्त जुन्या इंग्रजी गाड्या, चिखलातून, नाल्यातून, मातीच्या ढिगांवरून. गावाबाहेर जिथं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो, तेच मैदान.

"काकाजी, तुम्हाले या लागते! नागपूरच्या लोकाईले दाखवू आपण, वर्धा काय चीज हाय!"

नानाजी 'नाही' म्हणणार होते. पण त्यांच्या 'नाही'ला वेळ लागतो. तेवढ्यात रुख्माबाई बाहेर आल्या.

"जाऊ द्या त्याईले," त्या म्हणाल्या. "पन माह्यी एक गोठ आयका. हे भूत सवताच्या पायानं शर्यतीची रेघ पार करून गेलं, तर राहू द्या घरात. माह्याकून चकार शब्द नाई. नाई गेलं, तर चंदन तिथूनच उचलून नेईन. घरी परत आनाचं नाई!"

श्रीनिवास म्हणाला, "मंजूर." नमिता म्हणाली, "मंजूर." वॉशिंग मशीनला बोलता येत नव्हतं.

नानाजींची झोप उडाली. या वयात त्यांना फार काही नको होतं. रोज सकाळी तो आवाज चहाबरोबर पाच मिनिटं ऐकायला मिळावा, बस. गाडी गेली तर घरात आपल्यासारखं बोलणारं कुणी उरणार नाही, असं त्यांना वाटायचं. पण हे ते कुणाला सांगणार? सांगेपर्यंत शर्यत होऊन गेली असती.

दिवे काढले, मडगार्ड उचललं, सायलेन्सर वर बांधला, जाड गट्टूंचे टायर चढवले. भैय्याजी शिकवू लागले.

"ध्यानात ठेवा नानाजी. हिचा गिअर उजव्या पायाले, अन् ब्रेक डाव्या पायाले. आजकालच्या गाडीच्या बिलकुल उलटा."

"मले आजकालच्या गाडीचाबी कुठं माहीत हाय?"

खरंच होतं ते. नानाजींनी जन्मभर बैलगाडी हाकली. रोज गल्लीत पहिल्या गिअरमध्ये ते शेवटच्या घरापर्यंत जायचे आणि यायचे. सुरू करणं जमलं, चालवणं जमलं. थांबवायचं शिकायची वेळच आली नाही, कारण गाडी आपली आपणच थांबायची.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर बैलांच्या पटाला जमतात तेवढी माणसं. नागपूरची पोरं चामड्याचे बूट घालून आलेली. नानाजींनी धोतराचा काचा घट्ट मारला होता आणि श्रीनिवासचं हेल्मेट घातलं होतं, ते डोक्यावर पाटीसारखं डुगडुगत होतं. शेवटच्या रेघेपाशी चंदन टेम्पो लावून, दोरखंड काढून बसला होता.

"घाई नाई काकाजी," तो ओरडला. "आरामात बंद पडू द्या!"

शिट्टी झाली. सगळ्या गाड्या सुटल्या आणि नानाजींची धब धब करत मागून निघाली. मजेत चालली होती. लोक हसत होते, नानाजीही थोडे हसले. पोचायचंच तर आहे, पहिलं यायचं कुठे आहे? इतक्यात समोर पहिला उतार आला. गाडीला वेग आला आणि नानाजींच्या लक्षात आलं की हिला थांबवावं लागणार. कोणता पाय? डावा की उजवा? त्यांनी उजवा दाबला. गिअर पडला आणि गाडी आणखी पळाली.

मग माणूस जे करतो तेच नानाजींनी केलं. उधळलेली बैलजोडी आवरायला जसा कासरा मागं ओढतात, तसं त्यांनी दोन्ही हातांनी हॅण्डल अंगाकडे ओढलं. आणि ओरडले, "होऽऽ! होऽऽ!"

उजव्या मुठीत ॲक्सिलेटर असतो. मूठ अंगाकडे ओढली की तो उघडतो.

गाडी उधळली. नानाजींनी आणखी ओढलं. ती आणखी उधळली. "होऽऽ बापा, होऽऽ!" बैल असता तर एव्हाना वळून बघितलं असतं. एक नागपूरकर चिखलात चाक फिरवत बसला होता, त्याच्या अंगावर चिखल टाकून नानाजी गेले. नाल्यापाशी बाकी सगळे हळू झाले, कारण ते शहाणे होते. नानाजी हळू होऊ शकत नव्हते. ते नाल्यावरून गेले, म्हणजे नाला खाली होता आणि नानाजी वर. धोतराचा काचा मधेच सुटला आणि झेंड्यासारखा फडफडू लागला. लोक उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, एकानं तर टोपी भिरकावली.

नानाजींना मात्र चंदनचा टेम्पो तेवढा दिसत होता. 'हे मारुतीराया,' ते मनात म्हणाले, 'रेघेच्या अलीकडे बंद पाड. घेऊन जाऊ दे त्याला. मला आवाज नको, गाडी नको, चहा नको.' मारुतीराया त्या दिवशी दुसऱ्या कामात असावा. गाडी रेघेवरून गेली, टेम्पोला वळसा घालून गेली, गर्दी अडवायची दोरी तोडून गेली, आणि मैदानाच्या टोकाला कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, मोठा ढीग लावून ठेवला होता, त्यात जाऊन तिनं मान टाकली.

लोक धावले. ढिगातून आधी एक हात निघाला, मग हेल्मेट, मग नानाजी. तुरीचं कुटार अंगभर टोचत होतं.

"पहिला नंबर!" अंकित भोंग्यावर ओरडला. "काकाजी, जबरदस्त! नाल्यावर ॲक्सिलेटर सोडलाच नाई तुम्ही! अन् ते 'हो हो'! अंगावर काटा आला राजेहो! आपल्या क्लबाची आजपासून हीच घोषना!"

आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "होऽऽ! होऽऽ!" रस्त्यानं जाणारी एक बैलगाडी जागच्या जागी थांबली.

नानाजी खरं सांगणार होते. "मी तं... हिले... था..." एवढं झालं तोवर गळ्यात हार पडला. ते तसेच लंगडत चंदनपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "ने रे बापा. आत्ताच्या आत्ता ने."

"कायची मजाक करता काकाजी!" चंदन दोरखंड गुंडाळत म्हणाला. "जिंकलेली गाडी भंगारात नेली तर काकू माह्याच टेम्पोचं भंगार करन. अन् तिकडं पाहा नं, काकू कशा पाहून राह्यल्या!"

नानाजींनी पाहिलं. बायकांच्या घोळक्यात रुख्माबाई उभ्या होत्या. पदर नीट केलेला, मान ताठ. लग्नात सुद्धा त्यांनी नानाजींकडे असं बघितलं नव्हतं. (लग्नात अंतरपाट होता, पण तो काढल्यावरही नव्हतं.)

गाडी टेम्पोतूनच घरी आली, पण वाजतगाजत. श्रीनिवासनं स्वतः ती व्हरांड्यात जागेवर लावली. वॉशिंग मशीनचं खोकं सरकवत नमिता मुकाट्यानं आपल्या खोलीत घेऊन गेली. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. मोबाईलवर नानाजी पुन्हा पुन्हा नाल्यावरून उडत होते.

दिवेलागणीला सगळं शांत झालं. चांगलीच थंडी पडली होती. नानाजी गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. कंबर धरली होती, गुडघे बोलत होते, मानेत कुटार टोचत होतं. रुख्माबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. आता सांगायलाच हवं, असं नानाजींनी ठरवलं. सावकाश का होईना.

"आयक... मी काही... जिंकाले नोतो गेलो. मी तं... हिले थांबवत होतो. कासरा ओढल्यासारखा... ओढला."

"मले माहीत हाय," रुख्माबाई म्हणाल्या.

"तुले? कसं?"

"मी काय शहरातली हावो? 'होऽऽ' बैल थांबवाले म्हनते लोक का पयवाले? तुम्ही पयल्या उतारावर बोंबलले तवाच मले समजलं."

नानाजींनी कप खाली ठेवला. "मंग सांगतलं काऊन नाई कोनाले?"

"लोकं टाया वाजवत होते तुमच्यासाठी. एवढ्या वर्सांत पयल्यांदा. मी कायले मंधात बोलू?"

नानाजींनी मानेतली एक काडी काढून टाकली. ते म्हणाले, "मंग उद्या... देऊन टाकू काय चंदनले? माह्याच्यानं नाई होत आता. थकलो मी. जीव गेलता माहा त्या नाल्यावर."

रुख्माबाई उठल्या आणि आत गेल्या. चंदनला फोन लावायला गेल्या असतील, असं नानाजींना वाटलं आणि त्यांच्या जिवाला जरा थंडावा मिळाला. पण त्या परत आल्या, त्या हातात गोधडी घेऊन. त्यांच्या अंथरुणातली, नव्या लुगड्याचं अस्तर लावलेली चांगली गोधडी. एवढी काळजी! नानाजींनी खुर्चीतच पाठ थोडी पुढे केली, खांदे सैल सोडले आणि डोळे मिटले.

बराच वेळ खांद्यावर काही पडेना, म्हणून त्यांनी डोळे उघडले. रुख्माबाईंनी गोधडी गाडीवर पसरली होती. दोन्ही हॅण्डलांपाशी ती नीट खोचली, टाकीवरून एकदा हात फिरवला, आणि आत निघून गेल्या.