टी.सी. घेऊन या

जियालालभाऊ रहांगडाले यांना आयुष्यात कोणी फसवलं नव्हतं. ही गोष्ट सगळ्या दवनीवाड्याला ठाऊक होती, कारण जियालालभाऊ ती स्वतःच सगळ्यांना सांगत.

"मले फसवणारा अजून पाळण्यात आहे," ते बैलबाजारात छाती काढून म्हणत, "आणि तो पाळणाही मी हलवून पाहिला!"

बैल घेताना ते बैलाचे दात पाहत, आणि मग बोलता बोलता विकणाऱ्याचेही पाहून घेत. प्रसादाचा लाडू मिळाला तर आधी शेजाऱ्याला अर्धा खायला घालत आणि तो पुढच्या पाच मिनिटांत नीट चालतो-बोलतो याची खात्री करून मगच उरलेला तोंडात टाकत. संशय हे त्यांचं थर्मामीटर होतं. ते कोणाच्याही काखेत लावत, आणि ताप हमखास निघे!

त्यांचा एकच नियम होता. कोणाला काही विचारायचं नाही. "विचारलं की समोरच्याले कळते, आपल्याले काय कळत नाही." त्यापेक्षा गंभीरपणे मान डोलवायची, घरी यायचं आणि स्वतःच्या बुद्धीने काय ते ताडायचं. पुढचं सगळं महाभारत या एका नियमाने घडवलं.

त्यांचा मुलगा रूपलाल गोंदियाला आत्याकडे राहून सरकारी शाळेत शिकत होता. दर शनिवारी गाडीने गंगाझरीला उतरून घरी यायचा, सोमवारी परत जायचा. आठवी पास झाला, आणि त्याने हट्ट धरला की नववीपासून नव्या खासगी शाळेतच जाणार. तिथे सायन्सची खोली होती. काचेच्या नळ्या, चुंबक, आणि दारातूनच नाकात जाणारा गंधकाचा वास! रूपलालने सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्या खोलीची स्वप्नं पाहण्यात घालवली.

जियालालभाऊंना मात्र गंधकाच्या आधी दुसराच वास आला.

"सरकार शाळा काढते, ते समजते. त्याले बाबू पाहिजेत. पण धानाच्या गिरणीवाला शेठ शाळा काढते, ते काऊन?"

"पोट्टे शिकावे म्हणून, बाबूजी."

"चूप! गिरणीवाल्याले पोट्टे नाही, धान पाहिजे!"

तरी मुलाच्या डोळ्यांकडे पाहून ते विरघळले. एकदा ठरलं की मग मागे पाहणं नाही. सरकारी शाळेत जाऊन त्यांनी भर वर्गासमोर गर्जना केली, "काढा नाव!" तिथल्या कारकुनाने निमूटपणे एक कागद तयार केला आणि इंग्रजी वहीवर सही मागितली. झालं! "वाचल्याबिगर सही मी करत नाही, आणि इंग्रजी मी वाचत नाही!" असं बजावून भाऊ तरातरा निघून आले. कागद तिथेच राहिला. परतीचं दार त्यांनी इतक्या जोरात लावलं होतं, की आता नवी शाळा मिळाली नाही तर पोराचं वर्ष पाण्यात!

नव्या शाळेचे हेडमास्तर केशोराव हे साधे गृहस्थ होते. त्यांच्या कोटाला आम्लाने पाडलेली भोकं होती. भाऊंना ती बंदुकीच्या छऱ्यांची वाटली. केशोरावांनी रूपलालला चार प्रश्न विचारले, फळ्यावरचं दिसतं ना म्हणून डोळे तपासले, आणि खूश होऊन म्हणाले, "मुलगा हुशार आहे. घेतो. फक्त टी.सी. घेऊन या. शनिवार शेवटचा दिवस. टी.सी.शिवाय मला काहीच करता येणार नाही."

भाऊंनी गंभीरपणे मान डोलवली.

आता शाळा सोडल्याच्या दाखल्याला, म्हणजे ट्रान्सफर सर्टिफिकेटाला, शाळेतली माणसं टी.सी. म्हणतात. पण गोंदिया हे जंक्शन! चारी दिशांना रूळ. तिथल्या तान्ह्या पोरालाही टी.सी. म्हटलं की एकच गोष्ट दिसते : स्टेशनच्या गेटात उभा काळा कोट आणि पुढे आलेला हात.

फाटकाबाहेर येताच रूपलाल म्हणाला, "बाबूजी, टी.सी. म्हणजे..."

"चूप! मले नको शिकवू. पन्नास वेळा पाहिला टी.सी. मी."

"तो नाही, बाबूजी!"

"तो नाही तं रातपाळीचा असन. मास्तरानं कुठं सांगितलं कोणता? कोणताही चालते."

रूपलालने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "चूप!" आलं. मग तो शहाणा मुलगा खरोखरच चूप बसला आणि आत्याकडे निघून गेला.

भाऊ मात्र घरी येऊन विचार करू लागले. शाळेला तिकीट कलेक्टर कशाला हवा? निरीक्षण, तर्क, निष्कर्ष. पद्धत अगदी शास्त्रीय होती. फक्त निरीक्षणच चुकलं होतं.

"जमुना, समजलं मले!" जेवता जेवता ते ओरडले. "पोट्टा दर शनवारी बिनतिकीट येऊन राहिला! शाळेले सुगावा लागला. आता टी.सी.नं येऊन सांगावं लागते, की पोट्टा साव आहे."

जमुनाबाईंनी भाताचा डाव हवेतच थांबवला. त्याही काही कमी नव्हत्या. एवढी वर्षं संशयाच्या शेजारी संसार केला होता.

"तिकिटाचं कायले असन जी? त्या टी.सी.ची पोरगी असन लग्नाची. मास्तर मधात पडून राहिला. पोट्ट्याचे डोळे कायले पाहिले त्यानं?"

भाऊ चपापले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं!

"आणताच आहात तं एवढं पाहून या," जमुनाबाई म्हणाल्या. "टी.सी. जातीचा आहे का नाही."

शनिवारी ऐन धानाच्या रोवणीची माणसं बांधावर सोडून भाऊ गंगाझरी स्टेशनावर हजर झाले. हातात चिन्नोर तांदळाची थैली, टी.सी.साहेबांसाठी. खिडकीतल्या बाबूने तिकीट दिलं. भाऊंनी ते उजेडात धरलं, वाकवलं, हुंगलं.

"हे कालचं आहे."

"आजचं आहे, भाऊ. तारीख पाहा."

"तारीख तुम्हीच टाकता. कोपरा पाहा, कसा मऊ लागते! कोणीतरी वापरलेलं आहे."

"अहो, तुम्हीच तर आत्ता वाकवलं!"

भाऊंनी तिकीट खिडकीच्या कठड्यावर आपटलं आणि दुसरं मागितलं. बाबूने कपाळावर हात मारला. तेवढ्यात गाडीने शिटी दिली. भाऊंनी झटकन थैली उचलली, धोतर सावरलं आणि हलत्या डब्यात उडी घेतली. थैली आली. तिकीट कठड्यावरच वारा खात राहिलं. पण भाऊंच्या डोक्यात त्या वेळी एकच टी.सी. घोळत होता, तिकिटाला जागाच नव्हती.

गोंदियाच्या गेटात ईश्वरदासबाबू उभे होते. काळा कोट, पिळदार मिशा, पुढे केलेला हात.

"टिकट?"

भाऊंनी तो हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्याचसाठी आलो, बाबू! शाळेत चला. हेडमास्तरानं बोलावलं. टी.सी. आणल्याबिगर काहीच होत नाही म्हणते."

ईश्वरदासबाबूंच्या मिशा एकदम खाली आल्या, वादळाआधीच्या बॅरोमीटरसारख्या! कारण त्यांच्याही मनात एक मासा पोहत होता. बोदलकसाच्या तलावातली मासळी घेऊन एक बाई तिरोड्याहून यायची. तिच्या टोपलीची कधी पावती नसायची, आणि मग टोपलीतला एखादा रोहू गेटापाशीच रेंगाळायचा. मागच्या आठवड्यात असाच एक रोहू रेंगाळत असताना चष्मा लावलेला, भोकाभोकांचा कोट घातलेला कोणी एक माणूस टक लावून बघत होता. तो हेडमास्टर होता तर!

"चलो," ते पडेल आवाजात म्हणाले आणि हाताखालच्या रेल्वे खलाशाला गेटात उभं करून निघाले.

रस्त्याने दोघेही एकमेकांकडे तिरप्या डोळ्यांनी पाहत होते. हा बिनबोभाट कसा निघाला? भाऊंना वाटलं, नक्कीच पोरीचा बाप! हा इतका गोड का बोलतो? ईश्वरदासबाबूंना वाटलं, नक्कीच सी.आय.डी.!

"पाटील, मामला कितने का है?" बाबूंनी हळूच विचारलं.

"नववीचा."

"नौ?" बाबू जागीच थबकले. "नौ नहीं! कसम से, दो-तीन होंगी!"

"दोन-तीन? काय बोलता, बाबू! आठ तं केव्हाच झाल्या! सरकारी कागद आहे त्याचा!"

"काग़ज़ भी है?"

"मंग? आणि मास्तरानं सोमवारी डोळे पाहिले. म्हणे, चांगले आहेत."

ईश्वरदासबाबूंनी विजेच्या खांबाचा आधार घेतला. मासळी ताजी होती की नाही, इथपर्यंत चौकशी झाली होती!

"हे घ्या," भाऊंना दया आली. "चिन्नोर आहे, घरचा. तुमच्यासाठी."

बाबूंनी थैलीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिच्यात नाग आहे. मग दोन्ही हात वर करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "मैं रिश्वत नहीं लेता! सब लोग देख लो! मैं चावल का दाना तक नहीं लेता!"

पानवाल्याने पान लावायचं थांबवलं. दोन टांगे उभे राहिले. भाऊंनी थैली पोटाशी धरली. एवढा साव माणूस? नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार!

शाळेत केशोराव प्रवेशाची वही मिटायच्या बेतात होते. दारात काळा रेल्वे कोट दिसला आणि त्यांच्या हातातला टाक गळून पडला. गेल्या महिन्यात सायन्सच्या खोलीसाठी गंधकाम्लाच्या बाटल्या रेल्वेनेच आल्या होत्या. पेटीवर कोणीतरी 'काकवी' असं लिहून दिलं होतं. एक बाटली वाटेत फुटली आणि कुण्या प्रवाशाच्या गादीची चाळण झाली, असं त्यांच्या कानावर होतं. आज ना उद्या रेल्वेचा माणूस येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

तिघे एकमेकांसमोर उभे राहिले. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकून चालत होतं. आणि मग तिघेही एकदम ओरडले!

"ती बाटली आमची नव्हती!"

"मछली मेरी नहीं थी!"

"पोट्टा बिनतिकीट नाही येत!"

तिघांनीही एकमेकांकडे चमकून पाहिलं.

"कोणती मछली?" केशोरावांनी विचारलं.

"कौन सी बोतल?" ईश्वरदासबाबूंनी विचारलं.

भाऊंनी नियमाप्रमाणे काहीच विचारलं नाही. फक्त गंभीरपणे मान डोलवली.

"रहांगडाले," केशोराव घाम पुसत म्हणाले, "तुम्ही या गृहस्थांना इथे का आणलंत?"

"घ्या! तुम्हीच तं म्हटलं, टी.सी. आणा! आणला. विचारा त्याले, माह्या पोट्ट्यानं कधी तिकीट नाही दाखवलं का!"

"कौन, वो दुबला-सा लड़का? रूपलाल?" ईश्वरदासबाबूंना आता कुठे श्वास मिळाला. "अरे, वो तो माँगने से पहले टिकट दिखाता है! ऊपर से पूछता है, तारीख़ छापने की मशीन अंदर से कैसी होती है!"

केशोरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडू लागला आणि त्याबरोबर वहीवरचा हातही ढिला पडला. "अहो, टी.सी. म्हणजे जुन्या शाळेचा दाखला! तो नसेल तर मी नाव कसं घालू? आज वही बंद होते. परवा निरीक्षक येणार. माझ्या हातात काही नाही हो."

काचेच्या नळ्या, चुंबक, पोराचे डोळे, सगळं एका झटक्यात भाऊंच्या समोरून गेलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी तोंड उघडलं ते विचारायला.

"मंग... आता काय करू, मास्तर?"

"बाबूजी," मागून आवाज आला.

दारात रूपलाल उभा होता. भाऊंच्या ओठांवर सवयीने 'चूप' आलं, पण बाहेर पडलं नाही. रूपलालने सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "परवाच आणला. आत्याच्या मालकानं सही केली वहीवर. तुम्हाले सांगणार होतो, पण..."

पण काय, ते सगळ्यांना कळलं. केशोरावांनी कागद वाचला, टाक उचलला आणि नववीच्या यादीत शेवटचं नाव लिहिलं. रूपलालने सायन्सच्या खोलीकडे पाहिलं आणि एवढा मोठा श्वास घेतला, की शाळेतला निम्मा गंधक त्याच्याच नाकात गेला असावा.

भाऊ खाकरले. मिशीवरून हात फिरवला. "मले माहीत होतं. म्हणून दोन्ही आणवले. एक कागदाचा, एक कोटाचा. कमी पडू नये."

कोणी हसलं नाही, म्हणजे मोठ्याने नाही. मासळीचं भूत उतरल्याबरोबर ईश्वरदासबाबूंचा कोट पुन्हा ताठ झाला होता. मिशा हळूहळू वर चढल्या. चांगल्या हवामानाचं चिन्ह! त्यांनी भाऊंकडे नीट निरखून पाहिलं आणि हात पुढे केला.

"पाटील, आप गाड़ी से उतरे थे ना? टिकट?"

भाऊंनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग त्यांना गंगाझरीच्या खिडकीचा कठडा आठवला.

बाबूंनी तिथेच, हेडमास्तरांच्याच टेबलावर, दंडाची पावती फाडली. भाऊंनी ती उजेडात धरली नाही, हुंगली नाही, मुकाट्याने घडी करून ठेवली. निघताना बाबूंची नजर थैलीवर गेली. "घर का चावल है ना?" त्यांनी मायेने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती काखेत मारली.

संध्याकाळी भाऊ घरी पोचले. पाय धुवायला त्यांनी एरवीपेक्षा चौपट पाणी घेतलं. जमुनाबाई दारातच वाट पाहत उभ्या होत्या.

"घेतलं का जी पोट्ट्याले?"

"घेतलं."

"आणि तो टी.सी.? जातीचा निघाला का?"

जियालालभाऊंनी एकदा खिशातल्या पावतीला हात लावला.

"एक कागदाचा निघाला," ते म्हणाले. "दुसरा मातर अस्सल जातीचा!"